सॉन्टर आणि खाडीचा बांध

गणपती गेले आणि पितृपक्ष लागला की मला एका जागी बसवत नाही. हे दरवर्षीचं आहे. स्टाफरूममध्ये पेपर तपासायला घेते, दोन उत्तरं वाचते आणि उठते. खिडकीपाशी जाते. परत येऊन बसते. पाण्याची बाटली उघडते आणि न पिताच बंद करते. शेजारच्या टेबलावरच्या इतिहासाच्या बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "मॅडम, पायाला भिंगरी बांधलीय का? आम्हाला बघूनच चक्कर येते." मी हसते, सॉरी म्हणते आणि थोड्या वेळाने पुन्हा उठते.

तसं अलिबागेत त्या दिवसांत उठून बघावं असं काही नसतं. कडक ऊन पडतं, मध्येच चिडल्यासारखी एक सर येऊन जाते, पुन्हा ऊन. मंडळांचे मांडव अर्धे उतरवलेले असतात, बांबू रस्त्याच्या कडेला पडून असतात. दुकानदार पक्ष संपायची वाट बघत बसलेले. पण वारा खाडीकडून आला की त्यात चिखलाचा खारट वास असतो आणि त्या वासाच्या अगदी तळाशी, नुकत्या निसवलेल्या, लोंब्या बाहेर पडलेल्या भाताचा कोवळा, दुधाळ वास. शहरात तो इतरांना येत असेल असं वाटत नाही. मला येतो, आणि डोक्याच्या आधी पायांना कळतं. अमावास्या जवळ आली. उधाण येणार. बांधावर कुणीतरी असायला हवं.

यंदा ही चुळबुळ दुपटीने होती, कारण यंदा माझ्यावर एक काम सोपवलेलं होतं. माझा धाकटा भाऊ संदीप पनवेलला असतो. बंदरातून कंटेनर वाहणारे ट्रेलर आहेत त्याचे. त्याच्याशी बोलताना मागे कायम कुणाचा तरी हॉर्न वाजत असतो. मागच्या पौर्णिमेच्या उधाणाला आमचे बाबा गावच्या बांधावरून घसरले. फार नाही लागलं. गुडघा सोलवटला, कोपराला मुका मार बसला. पण वय ऐंशीच्या घरात, साखर जुनी, आणि आई गेल्यापासून गावात एकटेच. संदीपने ऐकलं आणि मला फोन केला.

"ताई, आता बस झालं. त्यांना सांग, बांधबिंध सगळं बंद. मी गाडी पाठवतो आणि इकडे घेऊन येतो. लिफ्ट आहे, खाली गार्डन आहे, इवनिंगला मस्त वॉक करतील."

"तूच सांग की."

"माझं ऐकतात का ते? मी बोलायला लागलो की टीव्हीचा आवाज वाढवतात. तुझं ऐकतात. तू टीचर आहेस यार, समजाव ना."

मी हो म्हटलं. सर्वपित्री अमावास्येला रजा टाकून गावी जायचं, बांधावर त्यांच्याबरोबर एक फेरी मारायची आणि तिथेच सांगायचं की बाबा, आता पुरे. असं ठरलं, आणि ठरल्यापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

नेमका त्याच आठवड्यात अकरावीच्या माझ्या इंग्रजीच्या वर्गात सॉन्टर हा शब्द आला. उताऱ्यातला कुणी गृहस्थ संध्याकाळी नदीकाठाने सॉन्टर करत जातो. मी फळ्यावर लिहिलं, रमतगमत चालणे. पुढच्या बाकावर रेवदंड्याची रुचिता बसते. तिच्या घरची मासेमारीची होडी आहे आणि तिला प्रत्येक गोष्ट हातात धरून बघितल्याशिवाय पटत नाही. ती म्हणाली, "म्हणजे टाइमपास ना, मॅडम?"

"टाइमपास नाही. टाइमपासला कंटाळा लागतो. ह्याला कंटाळा नाहीये. कुठे पोचायचं नाही, घाई नाही, आणि तरीही चालणं चाललंय."

"मग टुरिस्ट," ती म्हणाली. शनिवारी-रविवारी किनाऱ्यावर जे दिसतात ते. हाफ पँट, हातात चपला, चेहऱ्यावर आपण काहीतरी मोठं करतोय असा भाव. वर्ग हसला. मीही हसले, आणि मग शिक्षकाचं मन थाऱ्यावर नसलं की तो जे करतो ते केलं. धडा सोडून गोष्ट सांगायला लागले.

सॉन्टर शब्दाच्या जन्माच्या दोन गोष्टी सांगतात. पहिली अशी, की जुन्या काळी युरोपात काही रिकामटेकडी मंडळी गावोगाव हिंडत आणि कुणी हटकलंच तर सांगत, आम्ही पवित्र भूमीच्या यात्रेला निघालोय. मग लोक त्यांना जेवू घालत. पवित्र भूमीला फ्रेंचमध्ये सँत तेर म्हणतात. ही माणसं तिथे पोचायची कधीच नाहीत, पुढच्या गावात मात्र वेळेवर पोचायची. त्यांच्या ह्या चालण्यावरून सॉन्टर आलं म्हणे. दुसरी गोष्ट नेमकी उलटी. फ्रेंचमध्ये साँ तेर म्हणजे जमिनीविना. ज्याच्या नावावर जमीन नाही, ज्याला कुठे परत जायचं नाही, तो जसा चालतो ते सॉन्टर. दोन्ही गोष्टी ऐकायला छान आहेत आणि भाषेचा अभ्यास करणारे दोन्ही मानत नाहीत. ते सांगतात, मूळ नक्की माहीत नाही. मध्ययुगीन इंग्रजीत असा एक शब्द होता खरा, पण त्याचा अर्थ चालणं नव्हताच. आपल्याच विचारात गुंगून जाणं, असा होता. आधी माणसाचं मन हिंडायला लागलं, पाय बऱ्याच नंतर निघाले.

मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "म्हणजे मॅडम, ज्यांनी ज्यांनी जमीन विकली ते सगळे सॉन्टर?"

ह्या वेळी वर्ग जास्त जोरात हसला. आमच्या तालुक्यात एकाआड एका घराने गुंठे विकलेत. कुणी बंगला बांधला, कुणी डंपर घेतला, कुणाचं नुसतंच संपलं. हसण्यात सगळेच होते. मी खडू ठेवला आणि पुढचा उतारा वाचायला सांगितला.

घरी आल्यावर ते दुसरं मूळ डोक्यात फिरत राहिलं. इंग्रजीत उगाच चालण्याला किती शब्द आहेत, आणि बहुतेक सगळे कसे खुशालचेंडू. एकाला तर नदीचं नाव आहे. तुर्कस्तानात एक नदी फार वळणं घेते, तिच्यावरून मीअँडर. आपल्याकडे शब्द कमी नाहीत, पण जवळजवळ सगळ्यांच्या तोंडी शिवी नाही तर सुस्कारा. उंडारणं. भटकणं. उनाडक्या करणं. वणवण. पायपीट. येरझारा घालायच्या त्या काळजीने, आणि शतपावली करायची ती जेवण जिरावं म्हणून. नुसतं आनंदाने, कारणावाचून चालणाऱ्याला मराठी माणूस रमतगमत म्हणतो खरा, पण तेही बहुतेक उशिरा आलेल्याला टोमणा मारताना. "आलात? रमतगमत?"

आमच्या गावात तर कारणावाचून चालताच येत नसे. घरातून निघालं की पहिल्याच ओट्यावरून हाक यायची, "खं चाललंस?" त्याला उत्तर द्यावंच लागे. दलनाला. दुकानात. मावशीकडं. "असंच" हे उत्तर नव्हतं. असंच चालणारी पोर म्हणजे एकतर भांडून निघालेली, नाहीतर कुणाला तरी भेटायला निघालेली. लहानपणी मी रिकामी पिशवी हातात घेऊन गावभर फिरायचे. पिशवी दिसली की कुणी काही विचारत नसे.

असल्या गावात मी एका भाद्रपदात, बारावीला असताना, पोटभर चालले.

रेवदंड्याच्या खाडीच्या आत, पार जिथे भरतीचं पाणी ओढ्यांमधून शिरतं, तिथे आमच्यासारखी गावं आहेत. शेतं समुद्राच्या पातळीला, काही तर त्याच्याही खाली. पूर्वजांनी चिखलाचा बांध घालून खाडीला बाहेर ठेवलं आणि आत लाल राता भात पिकवला. बाहेरच्या मोठ्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात. त्यात मध्ये एक लाकडी दार असतं, उघाडी. ओहोटीला ते आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं आणि भरतीला बाहेरच्या पाण्याने आपोआप बंद होतं. बाकी सगळा चिखल. तो चिखल चिंबोऱ्यांना, म्हणजे खेकड्यांना, फार आवडतो. त्या बिळं करतात, बिळातून पाणी झिरपतं, आणि उधाणाचा जोर आला की बोटाएवढ्या झिरपण्याची बघता बघता खांड होते. खांड म्हणजे बांध फुटणं. एकदा खारं पाणी शेतात बसलं की त्या वर्षाचं भात गेलं, आणि खांड तशीच राहिली तर आत तिवरं, खारफुटीची झाडं, उगवतात. तिवरं वाढली की ते शेत पुन्हा शेत होत नाही.

म्हणून जोळ असे. जोळ म्हणजे गावातल्या घराघरातून बांधाच्या कामाला आलेली माणसं. खांड पडली तर सगळ्यांनी धावायचं, आणि पडू नये म्हणून उधाणाच्या दिवसांत पाळीपाळीने बांधावरून चालायचं. ज्या घराची पाळी, त्या घरातलं एक माणूस. आमचं गाव एका टोकाकडून निघे, खाडीच्या वळणावरची वाडी दुसऱ्या टोकाकडून, आणि दोन माणसं उघाडीपाशी भेटत. पाळी चुकवलेल्या घराला कुणी बोलत नसे. फक्त त्या घराच्या शेताशी खांड पडली की माणसं जरा सावकाश येत.

त्या वर्षी श्रावण सरता सरता बाबा सायकलवरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. उधाण आलं, पाळी आमची. जोळातली माणसं चांगली होती, म्हणाली, ह्या वर्षी तुमचं राहू दे. आई ओट्यावर उभी राहून म्हणाली, "राहू कशाला दे? घरात मानसं न्हाईत काय?" आणि खाटेवरून बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "तिला धाडा. न्हायतरी तिचं पाय कवा ठरतात एका जागी? फिरूदे तकडं, कामाला तरी येतील."

दुसऱ्या टोकाकडून येणारी होती वाडीवरची बायजाकाकी. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, स्वतःच्या घराची पाळी ती कित्येक वर्षं स्वतःच भरत होती. कासोटा घातलेला, गालात मशेरी, हात पाठीमागे. पहिल्या दिवशी ती माझी वाट न बघता आमच्या टोकापर्यंत आली आणि माझ्याकडे नखशिखांत बघून म्हणाली, "चप्पल काड."

"काटे असतील, काकी."

"आसूदेत. चपलीला कलनार हाय का, बांद खं मऊ झालाय त?"

मी चपला काढल्या आणि भराभर निघाले. मला वाटलं, लवकर बघून झालं म्हणजे लवकर काम झालं. मागून आवाज आला, "पोरी, तू चालतंस का पलतंस? वाघ लागलाय मागं?"

मग तिने चालायला शिकवलं. बांध डोळ्यांनी बघायचा नसतो. गवताखाली डोळ्याला काय दिसणार? तळवा पूर्ण टेकायचा, भार द्यायचा, मग दुसरा पाय. उन्हाने तापलेल्या मातीत मध्येच गार लागलं तर आतून पाणी झिरपतंय. मऊ लागलं तर झिरपून बराच वेळ झालाय. आणि टाच टेकवताना पोकळ वाटलं तर खाली बीळ आहे, वाकून खाडीच्या बाजूने त्याचं तोंड शोधायचं. तोंड बाहेरूनच बुजवायचं, पेंढा आणि चिखल कोंबून, टाचेने ठोकून. आतून बुजवलं तर पाणी ते ढकलून देतं.

लांबून बघणाऱ्याला बायजाकाकी म्हणजे निव्वळ आळशी बाई वाटली असती. इतकी हळू चालायची. सारखी बोलायची. कुणाच्या सुनेने काय केलं, सुकटीला यंदा कसा वास लागला, कुणाच्या बोकडाने कुणाची पडवळं खाल्ली. आणि सुनेच्या गोष्टीत अगदी रंगात आलेली असताना ती थांबायची, टाच दाबायची, म्हणायची, "हितं हाय." बीळ बुजवून झालं, हात गवताला पुसले, की "हां, त मंग ती बाय सासूला बोलते..." आणि गोष्ट जिथे सोडली तिथून सुरू. पुढे कधीतरी सॉन्टर शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा डोळ्यांपुढे कुठलाही साहेब आला नाही, ती आली.

आणि ते दृश्य. भर दुपारी, उधाण पुरतं चढलेलं, बांधाच्या एका बाजूला गढूळ पाणी पार काठाला लागलेलं, दुसऱ्या बाजूला खाली, पाण्याच्या पातळीच्या खाली, निसवलेलं भात वाऱ्यावर हलतंय. मध्ये हातभर मातीवर मी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिथेच खाली बसले. इतकं पाणी, आणि त्याला थोपवायला चिखल. नंतर नंतर मला त्याची चटक लागली. तिथे मी चालत असताना कुणी विचारत नव्हतं कुठे चाललीस. हातात पिशवी नव्हती. अभ्यासाचं डोक्यात येत नव्हतं, लग्नाच्या बोलण्यांचंही नाही. मी तेव्हा सुखात होते, असं आज सरळ सांगते. माझ्या अस्वस्थ पायांना त्यांच्या जोगं काम तेवढ्या एकाच हंगामात मिळालं.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगावं लागे. उंबराशी कसं आहे, वळणावर कसं आहे, उघाडीच्या अलीकडे माती धरलीय का. ते डोळे मिटून ऐकत आणि मधेच म्हणत, "थांब. वलनावरून एकदम उघाडीला कशी आलीस? मदी चिंचेसमोरचा उतार खं गेला?" मग मी उतारही सांगत असे. त्या वर्षी बांध राहिला, भात घरात आलं, प्लास्टर निघालं, आणि पाळी पुन्हा बाबांची झाली. मी कॉलेजला अलिबागेत आले ती इकडचीच झाले.

मधल्या काळात गाव बदललं, ते काही कुणी ठरवून बदललं नाही. वाडीवरच्या लोकांनी जमिनी विकल्या. तिथे मुरमाचा भराव पडला, जमीन उंच झाली, त्या टोकाला बांध राखायची गरज उरली नाही. बायजाकाकी त्याआधीच गेली. आमच्या बाजूचे पोरगे ट्रेलरवर, डंपरवर, बंदरात. जोळ कधी मोडला ते सांगता येणार नाही. एका उधाणाला दोन माणसं आली, पुढच्याला एक, आणि ते एक म्हणजे बाबा. अजून मूठभर घरं भात लावतात. गणपतीत मी गेले होते तेव्हा शेजारच्या सुलावहिनी सांगत होत्या, "आमाला काय घोर न्हाय गो. तुजा बापूस हाय ना बांदावर."

ते वाक्य घेऊनच मी अमावास्येला सकाळी निघाले. एसटी, मग सहा आसनी रिक्षा, मग पाऊलवाट. वाटभर बोलायचं ते वाक्य जुळवत होते. बाबा, आता वय झालं. नको, हे त्यांना माहीत आहे. बाबा, संदीप म्हणतो. नको, टीव्हीचा आवाज वाढेल. बाबा, मला काळजी वाटते. हे खरं होतं, पण काळजीचं नाव घेऊन माणसाला घरात बसवायचं मला आवडत नव्हतं. मला स्वतःला कोणी घरात बसवलं असतं तर मी भिंत फोडली असती.

बाबांनी पितरांचं पान लवकरच कावळ्याला ठेवलं होतं. मला बघून खूश झाले, दाखवलं मात्र नाही. "आलीस? चल मंग, पानी चडाला लागलं." चपला त्यांनी उंबऱ्यातच काढल्या. मीही काढल्या. खांद्यावर पेंढ्याचं गोणपाट घेऊन ते पुढे, मी मागे.

ते चालत होते ते बघण्यासारखं होतं. पाठ जरा वाकलेली, पण चाल तीच. तळवा पूर्ण टेकवून, भार देऊन, मग दुसरा पाय. मध्येच थांबून खाडीकडे बघत. गुडघ्याला लावलेलं मलम दिसत होतं. मी मागून चालत होते आणि मनात म्हणत होते, उंबराशी सांगेन. उंबर गेलं. वळणावर सांगेन. वळण गेलं. ते सांगत होते की यंदा राता चांगला निसवलाय, वरच्या बाजूला थोडं करपलंय, सुलाच्या पोराने खत जास्त मारलं. मी हूं हूं करत होते.

चिंचेसमोरच्या उतारावर माझ्या तळव्याला गार लागलं.

मी पाय तिथेच ठेवला. चुकलं असेल, इतक्या वर्षांत सवय कुठे राहिली? पुन्हा भार दिला. गार, आणि गारच्या खाली मऊ. मी खाली बघितलं. तिथे बाबांच्या पावलाचा ठसा होता, आत्ताच उमटलेला. पाच बोटं, टाच, सगळं स्वच्छ. आणि त्या ठशात हळूहळू पाणी भरत होतं. ते त्यावरून गेले होते. पूर्ण भार देऊन, ठरल्याप्रमाणे, आणि पुढे चालत होते. मी वाट बघितली, आता थांबतील, आता वळतील. ते खताचं बोलत पुढे गेले.

"बाबा."

ते वळले. माझ्याकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला तो बघवेना.

"गार हाय?" त्यांनी विचारलं.

"हां."

मग आधी काम केलं. ते खाडीच्या बाजूला गुडघ्यावर बसले, मी त्यांचा दंड धरून ठेवला. हातांना त्यांच्या सगळं कळत होतं. गवत बाजूला करत बीळ त्यांनी क्षणात शोधलं, चांगलं मनगटाएवढं होतं. पेंढा कोंबला, चिखल कोंबला, मी वरून टाचेने ठोकत राहिले. पाणी आमच्यापासून वीतभर खाली होतं आणि अजून चढत होतं. ठशातलं पाणी वाढायचं थांबलं तेव्हा आम्ही दोघं तिथेच गवतात बसलो. दम लागला होता.

"तुमाला गार लागलं न्हाय?" शेवटी मीच विचारलं.

त्यांनी हाताचा चिखल खरवडला. "पायाला काय कलत न्हाय आता. मागचा पावसाला झाला तवापासून. काटा रुतला त रगत बघून कलतं."

"म्हंजे घसरलात ते पन..."

"हां."

"मंग येता कशाला, बाबा?"

ते खालच्या भाताकडे बघत होते. सुलावहिनींचं खाचर होतं ते. "लोक बोलतात, म्हातारा हाय बांदावर. झोपतात निवांत. आता त्यांना काय सांगू? म्हातारा निसता हिंडतो?"

मला रडू आलं, आणि रागही आला; त्यांचा, संदीपचा, निवांत झोपणाऱ्या सगळ्या गावाचा, आणि गार्डनमध्ये मस्त वॉक करणाऱ्या जगाचासुद्धा. सबंध पावसाळाभर हा माणूस उधाणाच्या दुपारी इथून तिथवर चालत होता, आपल्याला काही कळणार नाही हे जाणून, पावलं सगळी नियमाने टाकत. शब्दाची ती दोन खोटी मुळं मला आठवली. पवित्र भूमीला निघालोय असं सांगणारे, आणि ज्यांची भूमी गेलीय ते. बाबा कुणात बसत होते ते मला त्या घटकेला ठरवता येईना, आणि ठरवावंसंही वाटेना.

खरं तर आता माझं वाक्य सोपं झालं होतं. आणखी कुठलंच कारण लागणार नव्हतं. बाबा, पायाला कळत नाही, मग आता पुरे. ते हो म्हणाले असते. हूं की चूं न करता म्हणाले असते, एवढं मला त्यांच्याकडे बघून दिसत होतं, आणि म्हणूनच ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

ते उठले, गोणपाट झटकलं. बांध तिथे अरुंद आहे. एकाला पुढे जायचं तर दुसऱ्याने एका पायावर सरकून वाट द्यावी लागते. त्यांनी माझा खांदा धरला, वळून मला वाट दिली.

"तू फुडं हो."

मी पुढे झाले. तळवा टेकवला, भार दिला, मग दुसरा. मागून त्यांचा आवाज येत होता. "कसं हाय?" बरं आहे, म्हटलं. "जरा सावकास. आता?" बरं आहे. उघाडी येईपर्यंत एका ठिकाणी पोकळ लागलं, ते बुजवलं. उघाडीचं दार घट्ट बसलेलं होतं, बाहेरून पाणी त्याच्यावर रेलून उभं होतं. आम्ही काठावर बसलो तोच फोन वाजला. संदीप.

"सांगितलंस?"

"नाही."

"काय ताई, मग गेलीस कशाला?"

"ऐक आधी. त्यांच्या तळव्यांना आता काही कळत नाही. वर्षभर झालं. आज बांध झिरपत होता आणि त्यांना कळलं नाही."

पलीकडे ट्रेलरचा हॉर्न वाजला आणि बंद झाला. "अरे मग तेच तर मी बोलतोय ना. बंद करा आता."

"बंद नाही करायचं. पाळी आपल्या घराची आहे आणि घरात आपण दोघं धडधाकट आहोत. पौर्णिमेला मी येतेय. पुढच्या अमावास्येला तू ये."

मला वाटलं, आता धंद्याचं सांगेल, ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणेल. मग त्याचा आवाज आला, जरा बारीक, लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी यायचा तसा.

"भरती किती वाजता असते?"

मी फोन कानापासून दूर धरला आणि बाबांना विचारलं. ते पाण्याकडे बघत होते.

"दुपारची," ते म्हणाले. "पन त्याला सांग, सकालीच ये. हलू चालाला टाइम लागतो."